मोगऱ्याची झोळी

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझं बाळ तीन महिन्यांचं होतं आणि दूध आटत चाललं होतं. सासू मेथीचे लाडू खायला घालत होती, माणिकपूरचे डॉक्टर गोळ्या देत होते. माझंच काय चुकतंय ते मला कळेना.

एका सकाळी मी वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडत होते. हात मोकळे राहावेत म्हणून खुडलेल्या कळ्यांची झोळी रोजच्यासारखी छातीवर बांधली होती. जूचंद्रहून कामाला येणारी भागूबाई माझ्याकडे बघत राहिली.

"रोझलिन, ती झोळी सोड."

"का?"

"माझं पोर गेलं तेव्हा दूध आटवायला आईनं मोगराच बांधला होता छातीवर."

मी झोळीची गाठ सोडली. पण उभ्या वाडीत कळ्या अजून खुडायच्या होत्या.

"दे इकडं," म्हणत भागूबाईनं माझी झोळी स्वतःच्या छातीवर बांधली.