निवडीबाहेरचे फोटो

“अजून खाली घ्या,” ती म्हणाली.

प्रूफकाकांनी माउसचं चाक फिरवलं. पडद्यावर तिच्याच लग्नाचे फोटो वर सरकू लागले. लहान लहान, किंचित धूसर, आणि प्रत्येक चेहऱ्यावरून तिरका गेलेला स्टुडिओच्या नावाचा शिक्का.

“थांबा. हा.”

हॉलच्या दाराशी एक म्हातारा गृहस्थ खुर्चीची पाठ धरून उभा होता. अंगातला कोट ढगळ. त्याची मुलगी, म्हणजे हीच, त्या दिवसाच्या सगळ्या साजशृंगारात, त्याची कॉलर नीट करत होती आणि दोघं हसत होते. ती हसतेय हे तिच्या बाजूने दिसणाऱ्या गालावरून कळत होतं. त्याचं हसू मात्र खांद्यांवरून ओळखावं लागत होतं, कारण त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत शिक्का होता.

“मी म्हटलं होतं त्यांना, बाबा, या कोटात तुम्ही आणि तुमचा जावई दोघं मावाल. त्यावर हसले होते. त्यानंतर असे हसलेले मला आठवत नाहीत.” तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. “हा मोठा करून द्या काका. शिक्का काढून.”

काकांना प्रूफकाका म्हणत ते निवडीसाठी पाठवायच्या या लहान, शिक्केवाल्या फोटोंमुळे, प्रूफांमुळे. फोटो काढायच्या मॅडम, आणि ते गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायचे काकांनी. लहान करायचे, शिक्का मारायचा, इंटरनेटवर त्यांचं पान तयार करून त्याला पासवर्ड लावायचा आणि लोकांना फोन करकरून निवड करून घ्यायची. लोक लग्नाची तारीख लवकर ठरवतात, फोटो ठरवायला मात्र त्यांना जन्म लागतो.

“ताई, याचा मोठा फोटो आता नाही.”

“नाही म्हणजे?”

“तुमची निवड कायम झाली ना, त्यानंतर उरलेले पुसले जातात. पानावर लिहिलेलं असतं तसं. हे लहान प्रूफ फक्त ठेवतो आम्ही, उद्या कुणाशी वाद झाला तर असावेत म्हणून.”

“पण निवड मी केलीच नव्हती. मी तिकडे सासरी होते. पासवर्ड दादाकडे होता.” तिचा आवाज खाली आला. “अख्ख्या अल्बममध्ये बाबा एकाच फोटोत आहेत. मागच्या रांगेत. नखाएवढे. जवळचे सगळे दादाने वगळले. का, म्हणून विचारलं तर मान खाली घालून बसतो. बाबा गेले तेव्हा एका खोलीत होतो आम्ही, पण मी त्याच्याशी शब्द बोलले नाही. अजून बोलत नाही.”

काकांचा हात माउसवरच राहिला. कोणी वगळले ते त्यांना माहीत होतं.

“एक दिवस द्या मला,” ते म्हणाले. “शिक्का काढता येतो का बघतो.”

शिक्का चेहऱ्यावर मारायची युक्ती काकांचीच. पूर्वी तो खाली कोपऱ्यात असायचा. एकदा मॅडम एका गिऱ्हाइकाकडे बारशाचं ठरवायला गेल्या, तर दिवाणखान्यात त्यांनीच काढलेला फोटो मोठ्या फ्रेममध्ये, तळाशी कापलेला. घरधन्याने वर कौतुकाने विचारलं, असा येईल का हो तुम्हाला? मॅडम परत आल्या त्या धुमसतच. तेव्हा काका म्हणाले होते, कोपऱ्यात मारला की कोपरा कापतात, चेहरा कोण कापेल? त्या दिवसापासून शिक्का चेहऱ्यावर बसला. मग पासवर्ड आला, आवडलेल्यावर लाल बदाम उमटवायची सोय आली, निवड झाली की पान आपोआप बंद व्हायला लागलं. नको असलेले मोठे फोटो पुसून टाकायचे, हेही काकांनीच सुचवलं. सगळ्या डिस्क भरून वाहत होत्या. मॅडम म्हणाल्या होत्या, काका, तुम्ही स्टुडिओला शिस्त लावलीत. काकांना ते वाक्य फार दिवस पुरलं.

देवाने माणसाला विसरायची सोय दिली आणि माणसाने फोटो काढायची युक्ती शोधून काढली. दोघांचं कधी जमलं नाही, आणि मधल्यामध्ये काकांसारख्यांची ओढाताण होते.

दुपारभर ते त्या एका फोटोशी झगडत बसले. आपणच लावलेलं कुलूप, पण किल्ली नव्हती. अक्षरांखाली जे झाकलं गेलं ते गेलंच होतं. शेवटी त्यांनी नव्या पद्धतीने करून पाहिलं. यंत्राला सांगायचं, इथे चेहरा भर. यंत्राने भरला. क्षणात शिक्का गेला आणि एक हसरे, गोरेगोमटे आजोबा मुलीपुढे उभे राहिले.

मॅडम मागे येऊन थांबल्या. “अरे वा. सुरेख आलंय. देऊन टाका.”

“गाल भरलेत,” काका म्हणाले.

“बरंच दिसतंय की मग. माणूस गेलाय काका. तिला बघून समाधान वाटलं म्हणजे झालं.”

फोटोत खोटं काढून दाखवण्यासारखं काही नव्हतं. कातडी, सुरकुत्या, उजेड, सगळं जागच्या जागी. फक्त तो माणूस त्या दिवशी तिथे नव्हता.

संध्याकाळी घरी बायको भाजी चिरत होती. तिच्यासमोर बसून काकांनी सगळं सांगून टाकलं. जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं तेही.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी फोटोतले ते गृहस्थ एकटेच स्टुडिओत आले होते. डोक्यावर टोपी, गळ्याभोवती मफलर, दोन पायऱ्या चढल्यावर धाप. “पोराने पासवर्ड दिलाय,” म्हणाले, “पण मोबाईलवर मला सगळे मुंग्यांएवढे दिसतात. तुमच्या पडद्यावर दाखवाल?” काकांनी खुर्ची पुढे केली. गृहस्थ एकेक फोटो डोळे भरून बघत होते. ही बघा, लहानपणीही अशीच भुवई उडवायची. ही बघा, इथे हिला रडू येत होतं, दाखवत नाहीये. बदाम उमटत गेले. स्वतःचा फोटो आला की मात्र नुसतं, “पुढे.”

कॉलरच्या फोटोवर काकांनीच न विचारता बदाम दिला होता.

“तो काढा,” गृहस्थ म्हणाले.

“का हो? छान आलाय.”

“ती छान आलीय. माझ्या जागी माझं दुखणं आलंय.” आणि ते हसले. “ओळखतो मी तिला. अल्बम उघडला की आधी माझ्या गालफडांकडे बघेल. आनंदाच्या दिवसाचा अल्बम आहे, त्यात तिने आनंदच बघावा. माझे सगळे काढून टाका. आणि तिला सांगू नका हं, मी काढले म्हणून. रागावेल. पोराचं नाव पुढे करीन मी. त्याची पाठ रुंद आहे.”

पडद्यावर प्रश्न आला, निवड कायम करायची का? काकांनी हो म्हटलं. आठवड्याच्या शेवटी नेहमीच्या साफसफाईत बाकीचे पुसले गेले.

“मी शब्द दिलाय त्यांना,” काका म्हणाले. “गेलेल्या माणसाला दिलेला शब्द कसा मोडायचा?”

“जिवंत माणसांना दिलेले कुठे पाळता?” बायको म्हणाली. “तो नळ कधीपासून गळतोय.”

“मी काय बोलतोय, तू काय बोलतेस.”

“बरं, नळ राहू दे.” तिने सुरी खाली ठेवली. “त्यांनी शब्द घेतला तो कशासाठी?”

“पोरीला दुःख होऊ नये म्हणून.”

“मग झालं नाही का तिला?”

काका पाण्याचा तांब्या घेऊन उठले आणि तो तसाच पुन्हा खाली ठेवून बसले. ते देवापुढे दिवा लावताना रोज काही ना काही मागत. आज काय मागायचं तेच कळेना. उद्या फोटो हातात दिला, तिला पटला, ती निघून गेली, तर कुणाचा शब्द मोडणार नव्हता. तेवढंच व्हावं असं त्यांना वाटलं, आणि वाटलं याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा फोटो छापून तयार होता. काकांनी पाकिटातून काढून टेबलावर ठेवला. तिने पाहिला मात्र, तिचा हात तोंडाशी गेला.

“बाबा,” ती म्हणाली.

काकांनी श्वास सोडला. बाहेर काउंटरवर मॅडम कुणाला तरी पासपोर्टच्या फोटोसाठी मान सरळ ठेवायला सांगत होत्या. ती फोटो खिडकीकडे धरून बघत राहिली. बघता बघता तिच्या कपाळावर आठी आली.

“काका, हे... हसताना त्यांचा डावा डोळा जास्त मिटायचा. आम्ही चिडवायचो त्यांना. यात दोन्ही सारखे आहेत.” तिने फोटो जवळ आणला, मग लांब. “आणि तेव्हा त्यांचे गाल कुठे राहिले होते? हाडं दिसायची. कॉलर लावताना मला त्यांच्या गळ्याची हाडं लागली होती हाताला. हे कोण आहेत?”

“यंत्राने भरलाय चेहरा.”

“म्हणजे कोणीच नाहीत.”

“कोणीच नाहीत,” काका म्हणाले.

तिने फोटो पालथा ठेवला. रागावली नाही. रागावली असती तर काकांना बरं वाटलं असतं. ती नुसतं म्हणाली, “दादाने एक जरी ठेवला असता तर.”

ते वाक्य काकांना सहन झालं नाही. आपल्या घरात बसून मान खाली घालणारा, त्यांनी कधी न पाहिलेला तो मुलगा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. बापाने सांगितलं म्हणून बहिणीचं बोलणं मुकाट्याने झेलणारा. बाप निश्चिंत होऊन गेला होता. काकाही सुटू पाहत होते. ओझं सगळं त्याच्या एकट्याच्या पाठीवर, आणि पाठ रुंद असली म्हणून काय ती दुखत नाही?

“पोरी,” काका म्हणाले. ताई म्हणायचं राहूनच गेलं. “तुझ्या दादाने नाही वगळले.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. टोपी, मफलर, पुढे पुढे म्हणणं, दुखणं आलंय म्हणून हसणं. काही गाळलं नाही, आणि शेवटी हेही सांगितलं की कायम करायचं बटण माझ्या बोटाने दाबलं आणि पुसलेही मीच. त्या दिवशी एखादा तरी बाजूला काढून ठेवायला काय हरकत होती. मनात आलं होतं. नियम आपलाच होता, म्हणून मोडला नाही.

ती ऐकत होती. मध्येच एकदा तिने विचारलं, “दादाचं नाव पुढे करतो, असं म्हणाले?”

“त्याची पाठ रुंद आहे, म्हणाले.”

ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा कसातरी झाला. “मी त्याला काय काय बोललेय, काका. बाबांच्या शेवटच्या दिवसांत बोललेय. बाबा पलंगावरून ऐकत होते. दादा त्यांच्याकडे बघायचा आणि गप्प बसायचा. मला वाटायचं, याला लाज वाटतेय.”

काकांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तिने तो घेतला नाही.

“कुठे बसले होते ते?”

“तू बसलीयेस तिथेच.”

तिने खुर्चीच्या हातांवर तळवे टेकवले. मग पर्समधून फोन काढला. पलीकडून उचलला गेला तरी तिला सुरुवात करता येईना.

“दादा,” ती म्हणाली. “नाही, सगळं ठीक आहे. फोटोच्या दुकानात आहे. तू ये ना. हो, आत्ता. ये तू.”

तो आला तेव्हा कामावरच्या कपड्यांतच होता, हातांना वंगणाचा वास. दारात उभा राहून त्याने आधी बहिणीकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि काकांची मान खाली गेलेली पाहून त्याला काय ते समजलं.

“सांगितलंत तुम्ही,” तो म्हणाला.

“सांगितलं.”

“बाबा म्हणाले होते...” त्याने वाक्य सोडून दिलं. बहिणीने खुर्चीवरूनच हात लांब केला आणि त्याच्या शर्टाची बाही पकडली, लहान मुलं गर्दीत पकडतात तशी.

“बाबांनी निवडलेले बघायचेत मला,” ती काकांना म्हणाली. “त्यांनी निवडले त्याच क्रमाने. आणि तो कॉलरचा प्रूफ आहे तसा छापून द्या. शिक्क्यासकट.”

प्रूफ छापून बाहेर द्यायचा नाही, हा त्या दुकानातला सगळ्यात कडक नियम. काकांनी छपाईयंत्र सुरू केलं. मॅडम आवाज ऐकून आत डोकावल्या, कागदावर उमटत येणारा शिक्का पाहिला, त्या तिघांकडे पाहिलं आणि दाराचा पडदा सोडून पुन्हा काउंटरवर गेल्या.

त्या खोलीत खुर्च्या दोनच. काकांनी बंद झालेली निवड उघडून पहिला फोटो पडद्यावर आणला, उठले आणि आपली खुर्ची भावाकडे सरकवली. तो नको नको म्हणत राहिला, मग बसला. माउस बहिणीच्या हाताखाली देऊन काका दाराच्या पडद्याबाहेर आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

आतून तिचा आवाज येत होता. “ही बघ, इथे मला रडू येत होतं.” मग भावाचा, “माहितेय. बाबांनी घरी सांगितलं होतं.” मग माउसचा टक् असा आवाज. पुन्हा एक. पुन्हा.

काकांनी आत पाहिलं नाही.