मध्यंतरातला फोन

अश्वजितला रडू येत नव्हतं, आणि डोणगावात ही गोष्ट लपून राहण्यासारखी नव्हती. गाव मोठं चौकस. भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी त्याच्या वारलेल्या बापाच्या, दयारामाच्या फोटोला हात जोडायची आणि लगेच पोराचे डोळे तपासायची. "रडू द्या त्याले, मोकळा होईन," असं सांगून माणसं जायची, जणू कोणी त्याला रडायची बंदीच केली होती.

सगळ्यांत जास्त बघायची ती त्याची आई, सिंधूताई. पोरगा आल्यापासून ती त्याच्याशी 'जेव' आणि 'नीज' एवढंच बोलली होती. बापाचं मरण याला लागलं की नाही, हेच तिला पाहायचं होतं. नेमकं तेच त्याच्यापाशी दाखवायला नव्हतं.

दयाराम गवंडी होता आणि विहारात पेटी वाजवायचा. पोराची बोटं त्या पेटीवरच वळली. पुढे मेहकरातल्या एका शाळेत पडून असलेल्या जुन्या पियानोवर, मग पुण्यात, मग थेट जर्मनीत. तिथे तो गायकांच्या तालमींना पियानो वाजवायचा. एकदा ऐनवेळी ऑर्केस्ट्रा चालवणारा कंडक्टर आजारी पडला म्हणून याला चौथऱ्यावर उभा केला, तो उभाच राहिला. आता अख्खा ऑर्केस्ट्रा त्याच्या हातावर चालायचा. दयाराम चहाच्या टपरीवर मोबाइलमध्ये ते सगळं दाखवायचा. कोणीतरी खोडी काढायचंच, "साठ लोक वाजवतेत आन हा नुसती काडी हालवते. याचं काय काम बे?"

"मुकादम घमेलं उचलते का?" दयाराम भडकायचा. "पण तो नसला तं भित वाकडी जाते!"

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दयारामाच्या नावानं ठेवलेल्या वंदनेच्या दिवशी भन्तेजींचं प्रवचन झाल्यावर धाकटा भाऊ प्रसेनजित बोलायला उभा राहिला. तो शिक्षक. माइक हातात आला की त्याच्या अंगात यायचं.

"कार्यक्रमाच्या मध्यंतरात दादाला बाबांच्या निधनाचा फोन गेला," तो म्हणाला. "दादानं डोळे पुसले आणि उरलेला कार्यक्रम बाबांच्या नावानं सादर केला. सातासमुद्रापार आपल्या बाबांसाठी लोक उभे राहिले!"

मांडवात टाळ्या पडल्या. दुःखाच्या कार्यक्रमात टाळ्या बऱ्या दिसत नाहीत, पण पडल्या. अश्वजितनं सवयीनं उठून, वाकून हात जोडले.

खरं एवढंच होतं की फोन आला होता. त्यानं तो कोटाच्या खिशात ठेवला, पाणी प्यायला आणि चौथऱ्यावर गेला. कार्यक्रम नेहमीपेक्षा चांगला झाला. त्याला काळजी होती ती मागच्या रांगेतला तुतारीवाला वेळेवर सूर उचलतो की नाही याची. तेव्हापासून तो आत काही हलायची वाट पाहत होता. विमानात पाहिली, मेहकरच्या रस्त्यावर पाहिली. आत सगळं झोपलेल्या पायासारखं बधिर होतं.

जेवणं उरकून मांडव रिकामा झाला, तेव्हा सिंधूताई त्याच्यासमोर येऊन बसली.

"प्रसेनजित बोलला ते खरं हाय का?"

हो म्हणायला काय लागत होतं? पण त्याच्याच्यानं झालं नाही.

"नाई माय."

"मंग काय करून राह्यला होता तू?"

"ताल मोजून राह्यलो होतो. बाबा आठवलेच नाई मले."

"मंग हात काऊन जोडले, लोकं टाळ्या वाजवत तवा?"

त्याला लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. "आताबी काई होत नाई मले," तो म्हणाला. "फोटो पाह्यतो, आन काईच होत नाई."

आता ती उठून जाईल, असं त्याला वाटलं. सिंधूताई उठली नाही. कोणी ऐकत नाही ना, हे तिनं वळून पाहिलं.

"मलेबी नाई रे होत," ती हळूच म्हणाली. "पह्यल्या दिवशी बायांनी गळ्यात पडून रडवली म्हून रडली. आतून काई आलंच नाई. इतका संसार केला, आन मी अशी कशी दगड झाली? मले वाटे, तू येशीन, तू रडशीन, मंग तुले पाहून मलेबी येईन."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. इतके दिवस ती त्याची परीक्षा घेत नव्हती. ती घाबरली होती.

तेवढ्यात दारात ऑटो थांबला. धामणगाव बढ्याहून दयारामाची बहीण कोकिळा आजारपणातून उठून उशिरा आली होती आणि फाटकापासूनच "माह्या दादा!" म्हणून तिनं हंबरडा फोडला. सिंधूताईनं घाईनं डोक्यावर पदर घेतला.

"आता रडा लागते," ती कुजबुजली. "तू सुरू कर. मले सुचत नाई."

अख्खा ऑर्केस्ट्रा सुरू करून देणारा माणूस तोंड उघडून क्षणभर तसाच बसला. मग त्यानं हुंदका काढला, तो खोटा होता. दुसराही खोटाच होता. पुढचा खरा की खोटा, हे त्याला सांगता येईना, कारण तोवर सिंधूताईनं त्याचा दंड नखं रुतेपर्यंत धरला होता.