काच काळी पडली तेव्हा

डेअरीच्या पश्चिमेच्या भिंतीवर आकड्यांचा पडदा लागला, तो सत्यभामाच्या भांडणामुळं. आधी दुधाचा दर ठरवणारी फॅट आतल्या मशीनवर दिसायची आणि सोसायटीचे सचिव विठ्ठलराव ती तोंडानं सांगायचे. "आमाला दिसलं पायजे," म्हणत बायांनी मीटिंग उधळली, तेव्हा कुठं आकडा बाहेर आला.

यंदा दुष्काळाचं ऊन. सांजच्याला दूध घालायला रांग लागली आणि पडदा एका कोपऱ्यातनं काळा पडायला लागला. शाई सांडावी तसा काठ सरकत गेला, आकडे गिळत गेला.

"जळाला!" विठ्ठलराव खूशच झाले. "काढ बे जमील. आजपासनं आतच वाचायचं."

पडदा जमीलनंच बसवला होता. त्यानं पेचकस काढला. सत्यभामा किटली खाली ठेवून आडवी उभी राहिली.

"हात लावू नगंस."

"मावशी, काळा ठिक्कर पडलाय. जळलाच आसंल."

"मग सकाळी कावून चांगला व्हता? कालबी असाच झालता. मी रांगेत शेवटची व्हते. दिवस बुडाला आन् आकडे परत आले."

"थांबा मग दिवस बुडेस्तोवर," विठ्ठलराव हसले. "दूध नासलं तर मला सांगू नका."

"दिवस कशाला बुडाया पायजे? छबू, तुझं पोतं आण."

रांगेतली छबुबाई पोतं घेऊन पुढं आली. दोघींनी ते ताणून पडद्यावर सावली धरली. काहीच होईना. छबुबाईचे हात भरून आले.

"माझं दूध फाटलं तर गं?"

"आज एकदा फाटंल. आकडा आत गेला तर रोजचंच नुकसान हाय."

मग काळ्यात एक ठिपका उजळला. शेजारी दुसरा. काळा काठ आला तसा मागं सरकलाच नाही; ठिपके फुगत गेले, एकमेकांत मिसळले आणि मधनं आकडा वर आला.

"या अल्ला!" जमील म्हणाला. "काचेत लिक्विड क्रिस्टल असतंय, मावशी. पातळच, पर वळणात उभं ऱ्हातंय. लई तापलं की वळण मोडतं आन् काच काळी पडती, निवलं की वळण परत लागतं. उन्हाची भिंत धरली, माझंच चुकलं."

"रोज पोतं धरून उभ्या ऱ्हाणार का?" विठ्ठलराव फणकारले.

"जमील वर सावलीला पत्रा ठोकंस्तोवर धरू." सत्यभामानं एका हातानं किटली पुढं सरकवली. "घ्या दूध. आन् आकडा वाचून दाखवू नका. दिसतोय आमाला."