दारं धरणारा माणूस

तर ऐका, शिवकन्याचं डोकं त्या दिवशी पार भिरभिरून गेल्तं. पोरगी येलदरीकडची, धरणाखालच्या गावची, अन् शिकायला परभणीला. कॉलेजात आदिनाथ सरांचं काम चालू होतं मूत्राशयाच्या कॅन्सरवर, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या. लघवीत मायक्रोआरएनए नावाचे लय बारीक धागे सापडतात. ते मोजून आजार आधीच ओळखता येतो का, हे सर बघायलेत. आता आजाऱ्याचं मोजायचं तर शेजारी धडधाकट माणसाचा नमुना बी पाहिजे ना. सर म्हणले, घरून कुणी राजीखुशीनं देत असेल तर आणा. हिनं लगेच आप्पाची बाटली आणली. आप्पा म्हणजे तिचा बाप, बन्सीधर. बर्फाच्या डब्यात घालून, जीपमधी मांडीवर धरून आणली, अन् लोकं विचारायलेत, मासे येलदरीचेच का म्हणून.

अन् मशीननं काय दाखवावं? जो धागा भरपूर पाहिजे तो जवळजवळ गायब, अन् जो कमी पाहिजे तो वर चढलेला. आजारी माणसाच्या नमुन्यात दिसतं, डिट्टो तसं.

शिवकन्याला वाटलं, बर्फ वितळून नासलं असंल. जिंतूरला जीप लय येळ उभी होती.

"नासलं असतं तर दोन्ही कमी झाले असते," सर म्हणले.

"मग सर, आप्पाला कॅन्सर हाय का?"

"तसं म्हणता येत नाही. एका बाटलीवरून काही ठरत नसतं."

"म्हणजे न्हाई?"

"तसंही म्हणता येत नाही." सरांनी चष्मा काढला, पुसला, वापस घातला. "बिडी ओढतात का ते?"

"लय."

"लघवीतून रक्त जातं का, एवढं विचार. जात असेल तर आपल्या मशीनकडं बघत बसू नकोस, सरळ डॉक्टरकडे ने."

आता सांगा, पोरीनं काय समजायचं? हाय असं बी न्हाई अन् न्हाई असं बी न्हाई. जिंतूरपर्यंत एसटीत तिनं तेच घोळवलं, अन् पुढं जीपमधी पुन्हा पहिल्यापासून.

घरी आप्पा बाजंवर बसून बिडी पेटवायलाच होता. हिनं बंडल उचललं अन् चुलीत टाकलं.

"आगं बाई, डोकं फिरलं काय तुझं?"

"आप्पा, लघवीत रक्त दिसतं का तुमाला?"

लेक बापाला असं विचारती? माय, म्हणजे कमलबाई, भाकरी थापायली होती, तिचा हात तिथंच थांबला.

"न्हाई," आप्पा म्हणला. "तुझी शपथ, न्हाई. पण झालं काय?"

मग हिनं समजावलं. "हे बघा, आपल्या अंगात जीन असतात. त्यायचं काम शेतातल्या दांडाच्या पाण्यावानी चालू असतं. तो बारीक धागा म्हणजे दारं धरणारा माणूस. वाफा भरला की माती लावून पाणी बंद करतो. तो माणूसच नसला तर पाणी घुसतच राहतं. पेशी वाढतच राहतात. तीच गाठ."

दारं धरायचं म्हणल्यावर आप्पाला कळलं. गव्हाला तेच चाललं होतं त्याचं. "मग मला सांग, माणूस झोपला म्हणून वाफा फुटला, का वाफा फुटला म्हणून माणूस पळाला?"

"तेच तर आमाला बी नीट कळंना, आप्पा. पण तुमच्या बाटलीत तो माणूस न्हाई."

आप्पानं कान खाजवला. खाली बघत म्हणला, "ती बाटली माझी न्हाई."

"म्हणजे?"

"लेकीच्या हातात असलं काय द्यायचं? लाज वाटली. गोठ्यामागं जाऊन उभा राहिलो तर थेंब निघंना. इकडं तुझी जीप हॉर्न वाजवायली. तुझी माय म्हणली, आणा इकडं, कुणाची का असंना, लघवीच ती."

शिवकन्याला आधी बरंच वाटलं बघा, आप्पा सुटले म्हणून. मग तिनं मायकडं बघितलं. चुलीजवळ तांब्या होता, तांब्यात धण्याचं पाणी. उन्हाळी लागली, उष्णतेनं लघवीला त्रास झाला, की माय हेच पिती, लहानपणापासून बघितलंय हिनं. पण आता तर थंडीचे दिवस, मायच्या अंगावर स्वेटर होतं.

"माय, कवापासून?"

कमलबाईनं भाकर तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं. "दिवाळीपासून. मधीच लाल जातंय, मधीच साफ. आधी वाटलं, बंद झालेली पाळी वापस आली. ह्या वयात कुणाला सांगू शिवे? दुखत न्हाई, खुपत न्हाई."

"बिडी तर मी ओढतो की," आप्पा म्हणला. "मग हिला कसं?"

शिवकन्या म्हणली, "मला न्हाई माहीत. कॅन्सर हाय का तेच न्हाई माहीत. पण रक्त जायलंय ना? मग उद्या परभणी."

"उद्या कालव्याचं पाणी येणार हाय," माय म्हणली. "गहू सोडून कुठं येऊ?"

"जाऊ दे पाणी जिकडं जायचं तिकडं," आप्पा म्हणला, अन् उठून पिशवी भरायला लागला. मायचं लुगडं कोणतं घ्यायचं ते त्याला कळंना, तर त्यानं दिसतील तेवढी कोंबली.

परभणीला डॉक्टरनं दुर्बीण घालून बघितलं. गाठ होती, बोराएवढी. वरवरच होती, खोल गेली नव्हती, दुर्बिणीतूनच काढली, अन् म्हणले, येळेवर आलात, पण आता दर काही महिन्याला येऊन दाखवायचं. माय म्हणली, "दाखवते. पण हिला सांगा, त्या बाटलीवरून बापाला बोलायची बंद हो म्हणून."

मायला वॉर्डात झोप लागल्यावर आप्पानं शिवकन्याला व्हरांड्यात बोलावलं. रुमालात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या हातात दिलं, अन् तोंड दुसरीकडं फिरवलं.

"ही माझीच हाय," म्हणला. "बघ बाई, ह्याच्यात तरी तो माणूस हाय का."