हेल्मुटचा संगमरवर

हेल्मुट दिसण्याआधी त्याचा वास यायचा. शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या गाळ्यात थिनर, लाकडाचा भुसा आणि तापलेला पत्रा यांचा दर्प कायमचा वस्तीला असतो. त्याला चिरत व्हिनेगरची एक आंबट, थंड रेघ आत शिरली की कारागिरांचे आवाज आपोआप खाली उतरायचे. त्याच्या देशात लाकडाच्या खोट्या रेषा काढताना रंग बिअरमध्ये कालवतात. शारजात दारूला बंदी, म्हणून त्याने व्हिनेगर जवळ केलं, आणि या तडजोडीचा सूड तो वर्षानुवर्षं आमच्यावर उगवत राहिला.

मला हा माणूस कधी आवडला नाही. दूर गेलेली माणसं हळूहळू आवडू लागतात असा माझा अनुभव आहे; त्याच्या बाबतीत तेही घडलं नाही. मी सजावटीची कंत्राटं घेतो, आणि माझा धंदा सुरुवातीला त्याच्या हातावर उभा राहिला. उपकाराच्या सावलीत राग किती जोमाने वाढतो, हे मी तिथेच शिकलो. ही गोष्ट अभिमानाची नाही, ठाऊक आहे मला.

जर्मनीतल्या कुठल्याशा धुकट गावात तो भिंती रंगवायला शिकला, नाटकांचे पडदे रंगवले, साबणाच्या खोक्यांवर गुलाबी गालांची मुलं काढली, आणि इथे वाळूतून व्हिला उगवू लागले तेव्हा या उन्हात येऊन उतरला. ज्या आकाशात महिनोन्‌महिने ढग फिरकत नाही, त्याच्याखालच्या छतांवर त्याने ओथंबलेले ढग काढले. खजुरांच्या डब्यांवर उंट, अत्तराच्या जाहिरातींत हिवाळी पहाट, प्लायवूडच्या दारांवर जुन्या अक्रोडाचं लाकूड. पण त्याचा खरा जीव संगमरवरात होता. हंसाचं पीस दोन बोटांत सैल धरून तो ओल्या रंगावरून अशी शीर ओढायचा की पाहणाऱ्याच्या तळहाताला दगडाचा गारवा जाणवावा. त्या क्षणी त्याचं मनगट वाऱ्यावरच्या पानासारखं वळायचं, आणि मी त्याचा द्वेष करायला विसरायचो. तेवढाच क्षण.

कारण तेच मनगट पुढच्या घटकेला चिंधी उचलून आमच्या गणपतने दिवसभर राबून दिलेला रंगाचा हात पुसून टाकायचं. "ये दीवार मर गया," एवढंच बोलून तो पाठ फिरवायचा. रत्नागिरीकडचा गणपत एकदा म्हणाला, "मेली तर मेली, सायेब. तेराव्याचं जेवण कधी, तेवढं इचारा त्येला." सगळा गाळा हसला. हेल्मुटने मला अर्थ विचारला. मी सांगितला. तो हसला नाही; त्याने दुसरी भिंतही पुसली.

मग मी छपाईचं मशीन आणलं. संगमरवर गुंडाळीत येऊ लागला, मीटरवर कापता येऊ लागला. हेल्मुट मशीनभोवती एकदा फिरला आणि म्हणाला, "मी भिंतीला कातडी देत होतो, सावंत. तू तिला बनियन घालतोस."

या शहराला जुनं काही पोटात ठेवता येत नाही. त्याचे ढग पांढऱ्या रंगाखाली गेले, दारं भंगारात गेली. उरले ते दुबईतल्या एका हॉटेलच्या लॉबीतले खांब. उन्हाची धार जरा बोथट होते त्या ऑक्टोबरात, गेल्या वर्षी, लॉबीचं नूतनीकरण निघालं; खांबांवर छापील फिल्म चढवण्याचं काम माझ्याकडे आलं. हेल्मुट कायमचा परत निघाला होता. तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला, हात थरथरत होते, नजर भिंतीवर. "एक राहू दे. दाराजवळचा." त्याची पहिली विनंती, आणि तिच्यातही आज्ञेचीच धार. शिवाय अट होती: तो रंग आहे हे कुणाला कळता कामा नये, पाटी नको. "सांगावं लागलं तर तो संगमरवर नाही."

घरी बायको म्हणाली, "अहो, एवढा राग आहे तर सरळ नाही म्हणा. आणि हो म्हणणार असाल तर इथे आदळआपट नको." मी हॉटेलच्या मॅनेजरच्या मिनतवाऱ्या केल्या. तो खांब राहिला. त्या माणसासाठी मी केलेलं ते एकच भलं काम.

काम पुरं झालं त्या दुपारी आम्ही दोघे लॉबीत उभे होतो. काचेतून आलेलं तिरपं ऊन माझ्या गुळगुळीत खांबांवरून घसरून जात होतं आणि त्याच्या खांबात मुरत होतं. फरशी घासणारा माणूस यंत्र घेऊन सरकत सरकत आला. माझ्या खांबांवर त्याने टिचकी मारली आणि पुढे गेला. हेल्मुटच्या खांबापाशी थांबला, तळवा फिरवला, मळ बसलाय असं वाटून पाणी मारलं आणि हातातल्या यंत्राची घासायची चकती लावली.

मी ओरडणार, एवढ्यात हेल्मुटने माझं मनगट धरलं. "थांब. बघू दे." त्याची बोटं त्या दिवशी थरथरत नव्हती.

करड्या शिरा गढूळ पाणी होऊन ओघळल्या, आतून प्लास्टर उघडं पडलं. तो माणूस दचकून मागे सरला. "साब, ये तो रंग है! माँ कसम, मैं पत्थर समझा!"

"क्या समझा?" हेल्मुटने विचारलं.

"पत्थर, साब. पत्थर."

हेल्मुटने मान झुकवली, कुणी गळ्यात हार घालावा तशी. "खलास," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता दारातून उन्हात विरघळला. माझं ते एकुलतं भलं कामही तो सोबत घेऊन गेला.

पण खरी बोच वेगळी आहे. चकती रंगात रुतली तेव्हा भीतीच्या आधी माझ्या आत आनंदाची एक ठिणगी उडाली होती. आणि एका म्हाताऱ्याची पकड मला सोडवता आली नसती, असं थोडंच आहे?

आता त्या खांबावरही माझीच फिल्म आहे. हेल्मुट तिकडे आहे की नाही, मी विचारलेलं नाही. दुबईच्या करामा वस्तीतल्या खानावळीत व्हिनेगरमधला गुलाबी कांदा समोर आला की माझा आवाज आपोआप खाली उतरतो. काळ सगळ्यावरून आपली चकती फिरवत जातो. माझ्या मनगटाभोवतीची ती बोटं मात्र अजून ओल्या रंगासारखी आहेत, आणि ती पुसावीत की वाळू द्यावीत, हे मला कळत नाही.