चष्म्यातला गोरा साहेब

माया गायकवाड रोज शिरूरहून कंपनीच्या बसनं शिक्रापूरला जायची. गिअर बनवणाऱ्या कारखान्यात ती क्वालिटीला. माल नुसता हातात घेतला की खोट कुठं आहे ते सांगेल, अशी बाई. पण इंग्रजी म्हटलं की तोंडाला कुलूप! अन् मंगळवारी जर्मनीच्या गिऱ्हाइकासोबत मीटिंगला बसली, तरच ती लाइनची इन्चार्ज होणार होती. नाहीतर बाहेरून माणूस आणू, असं वरच्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

सरावासाठी ट्रेनिंगवाल्या सायलीनं तिच्या डोळ्यांवर खोटं जग खरं भासवणारा व्हीआरचा जाडजूड चष्मा चढवला, अन् काय सांगावं तुम्हाला, शिक्रापूर गायबच झालं. हायवेवरच्या ट्रकांसकट. समोर काचेची खोली, काचेबाहेर संथ नदी, नदीत पांढऱ्या बोटी. मायानं हात उचलला तर करड्या कोटातला हात वर आला. पहिल्या दिवशी तर चपला कुठं काढायच्या, ते शोधत ती दारातच उभी राहिली. सायली पोट धरून हसली. मायाला काही हसू आलं नाही. हवेत एवढी खोली उभी केलीय अन् तिच्यात आपण आहोत, हे तिच्या मनात मावत नव्हतं.

टेबलापलीकडं सोनेरी केसांचा गोरा साहेब बसायचा, मशीननं चालणारा. माल सोमवारी मिळेल का, असं इंग्रजीत विचारायचा. माल भट्टीतून निघायलाच बुधवार उजाडणार, हे मायाला पक्कं ठाऊक. तरी तोंडातून निघायचं, "येस सर." दोनदा विचारलं, दोनदा येस, अन् दोनदा नापास.

"मायाताई, नाही म्हणा ना. तो काय खाणार आहे का तुम्हाला?" सायली वैतागली.

"मोठ्या माणसाला तोंडावर न्हाई कसं म्हणायचं गं? आधी व्हय म्हणायचं, मग जीव काढून निभवायचं. आमचं असंच हाय."

तिसरी खेप शेवटची. साहेबानं तोच प्रश्न विचारला अन् तो तिच्याकडं बघत राहिला. मायानं नजर चोरली, तर खिडकीच्या काचेत तिला ती कोटवाली बाई दिसली. छातीत धडधडत होतं, पण त्या बाईच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. ही मी? मायाला इतकं नवल वाटलं, की त्या नवलातच ती बोलून गेली.

"नो सर. नॉट मंडे. फर्नेस टेक्स टाइम. थर्सडे, हंड्रेड पर्सेंट."

खोली कोसळली नाही. बोटी आपल्या चालतच राहिल्या. साहेबानं मान डोलावली. "थर्सडे इज फाइन."

चष्मा काढला तेव्हा माया घामानं भिजली होती. तेवढ्यात शेजारच्या खोलीचं दार उघडलं, अन् तसलाच चष्मा हातात घेऊन पोपटराव साहेब बाहेर आले. वरवंडचे, प्रॉडक्शनचे मुख्य, साठीला टेकलेले. आज त्या गोऱ्याच्या तोंडून मशीन नव्हे, तेच बोलत होते. माया ताडकन उठली.

"बस बस. मंगळवारी तूच बसायचंस," म्हणत ते समोर टेकले. मग म्हणाले, "माया, सहा वर्षं तू मला येसच म्हणतीस. त्यातल्या किती तारखा जमणार न्हाईत, हे तुला आधीच ठाऊक हुतं?"

मायानं या वेळी नजर चोरली नाही.

"निम्म्या, साहेब."

पोपटरावांनी हातातला चष्मा टेबलावर ठेवला.

"मलाबी ठाऊक हुतं," ते हळूच म्हणाले. "आन् मी वरच्यांना येसच म्हणत हुतो."