पूर्वाचा नंबर

श्यामलाबाईंनी फोनचा रिसीव्हर उचलून टेबलावर आडवा ठेवला, वर नॅपकिन टाकला आणि समोरच्या बाईला विचारलं, "पेशंट कुठंय?"

"घरी हाय."

"अहो, मग डॉक्टरांनी तपासायचं कोणाला? तुम्हाला?"

बाकावरचे दोघे-तिघे हसले. बाई हसली नाही. हिरा तिचं नाव. मराठवाड्याच्या पार त्या टोकाकडून बारा तास एसटीत बसून ती टिळक रस्त्यावरच्या या दवाखान्यात आली होती. हातात पिशवी, पिशवीत सहा वर्षांच्या पूर्वाची फाइल. पोरीला दिवसातून दहा-दहा वेळा झटके यायचे. लहान मुलांच्या मेंदूचा डॉक्टर तिच्या जिल्ह्यात नव्हता, शेजारच्या जिल्ह्यातही नव्हता. इथे मात्र एकाच चौकात तिघांच्या पाट्या!

"आमच्याकडं आधी नंबर लावावा लागतो," हिरा सांगू लागली. "मोठा डॉक्टर महिन्यातून एकदा येतो. त्या दिवशी मग पेशंट न्यायचा. म्हणलं, इथंबी तसंच असंल. लेकीला एवढ्या लांब उगं कशाला हिंडवायचं?"

"इथे नंबर फोनवर मिळतो. सकाळी आठला."

"लावते की. दिवाळीपासून रोज लावते. आठलाबी लावते, दुपारीबी लावते. एंगेजच लागतो."

श्यामलाबाईंनी नॅपकिन सारखा केला. आठ वाजून दहा मिनिटांनी नंबर संपत, आणि मग दिवसभर तो मेला फोन कोकलत राही. बावीस वर्षं या टेबलामागे काढलेल्या माणसाने किती जणांना 'नाही' म्हणायचं? रिसीव्हर काढून ठेवला की कसं शांत वाटायचं.

त्या फाइल घेऊन आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या.

"मुलीला बघितल्याशिवाय औषध बदलता येणार नाही म्हणतात. अहो, इतके झटके येत असतील तर सरळ घेऊनच यायचं! अशा मुलांना मी नंबराशिवाय आत सोडते."

"ते कुणी सांगितलं न्हाई."

"विचारायचं ना!"

"कुणाला?"

श्यामलाबाईंना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचा रागही आला. त्यांनी वही ओढली, सोमवारच्या पानावर सगळ्यात वर 'पूर्वा' असं लिहिलं आणि वही फिरवून हिराला दाखवली.

"सोमवारी दहाला. पहिला नंबर. मी बसलेय इथे."

हिराने त्या नावावर बोट टेकवलं, तेच बोट कपाळाला लावलं आणि परतीची गाडी पकडायला निघून गेली.

सोमवारी श्यामलाबाई अर्धा तास आधीच आल्या. आज त्यांनी रिसीव्हर काढून ठेवला नाही. फोन दर मिनिटाला वाजत होता आणि त्या प्रत्येकाला सांगत होत्या, "संपले हो नंबर. पेशंटला जास्त असेल तर मात्र थेट घेऊन या." दहा वाजता त्यांनी पूर्वाचं नाव पुकारलं. सव्वादहाला पुन्हा पुकारलं. आतून डॉक्टरांनी दोनदा घंटी वाजवली, तरी त्यांनी दुसऱ्या कुणाला सोडलं नाही. बाकावर कुरकुर सुरू झाली.

"वेळ पाळायची नसते तर येतात कशाला?" एक आजोबा म्हणाले.

"लांबून यायचेत. तुमच्यासारखे शनिपारावरून नाही," श्यामलाबाईंनी सुनावलं.

साडेदहाला पुन्हा फोन वाजला.

"मॅडम, मी हिरा. पूर्वाची आई."

"अहो, कुठवर आलात? स्वारगेटला उतरला असाल तर रिक्षा करा लगेच, डॉक्टर थांबलेत."

"निघालोच न्हाई मॅडम."

मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. हिराचा आवाज मात्र कोरडा होता.

"तिचा नंबर दुसऱ्या कुणाच्या लेकराला द्या. लांबून आलं असंल कुणी."

पुढची तारीख देते, हे वाक्य श्यामलाबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"आज पहिल्यांदा लागला बघा तुमचा फोन," हिरा म्हणाली आणि तिनेच ठेवला.

श्यामलाबाई रिसीव्हर हातात धरून तशाच बसून राहिल्या. तेवढा वेळ बाकी सगळ्यांना फोन एंगेजच लागत होता.